घरची डागडुजी, सोलापूरच्या घरांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या डागडुजीबद्दल लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्यातलं निवडक इथे एकत्र केलं आहे. प्रश्न जवळजवळ आले तसेच ठेवलेत, फक्त पत्ते आणि गवंड्यांना दिलेल्या शिव्या काढल्या. सगळे एकत्र वाचले की एक लक्षात येतं. तक्रार रंगाची असो, फरशीची असो की विजेची, आपल्याकडे तिचं मूळ बहुधा पाण्यात नाहीतर उन्हात निघतं. म्हणून खालची बरीच उत्तरं ‘काय लावू?’ याच्या आधी ‘पाणी कुठून येतंय?’ हे बघायला सांगतात.

१. कुठलं काम स्वतः करावं आणि कुठल्या कामाला माणूस बोलवावा?

चुकलं तर काय होईल, ते आधी बघा. वायसर चुकीचा बसला तर पाणी सांडेल, रंग बिघडला तर पुन्हा मारता येईल. अशी कामं खुशाल घरी करा: नळ, बॉलकॉक, बिजागऱ्या, बारीक तडे, रंग, टाकी धुणं, पंख्याचा कपॅसिटर.

मीटर आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर महावितरणची असते. तिथलं सील तोडायचं नाही, १९१२ वर तक्रार नोंदवायची. गॅसचा वास आला तर बटणं चालू-बंद न करता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. बीम आणि कॉलमला छिन्नी लावू नका, मग तो पाईप नेण्याचा चार इंचांचा खाचा का असेना. गिलावा, रंग, फरशी ही दुरुस्ती झाली. आधाराची भिंत काढणं किंवा मजला चढवणं हे महापालिकेच्या परवानगीचं काम आहे.

२. घरात कोणती हत्यारं असावीत?

टेस्टर, पक्कड, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, एक पाईप पाना, एक ॲडजस्टेबल पाना, हॅक्सॉ, थापी, पटाशी, मेजपट्टी, टेफ्लॉन टेप. पाच-सहा मीटर पारदर्शक नळीही घेऊन ठेवा. पाणी भरलं की तिच्या दोन्ही टोकांची पातळी एकच राहते, त्यामुळे गच्चीचा उतार कुठे चुकला ते स्वस्तात कळतं. ड्रिल मशीन वर्षातून दोनदा लागतं, ते शेजाऱ्याकडे असलेलं बरं.

३. नळ बंद केला तरी टपकतो. जोरात पिळला तर थांबतो. चालेल का?

चालणार नाही. जोरात पिळून वायसर आणखी चिरडतो आणि शेवटी खालची पितळी बैठक झिजते. मग नळच बदलावा लागतो.

आधी मुख्य कॉक बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम असतो, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तो उघडझाप करायची सवय ठेवा. जुन्या, चार फेरे फिरणाऱ्या नळात वरचा नट पान्याने सोडवला की दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकाला वायसर असतो. तोच दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं. ते अख्खंच बदलायचं.

काही दिवसांआड पाणी सुटतं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत लाईनीतला गाळ आणि गंज येतो. ही बारीक खडी वायसर कापते. ते पहिलं पाणी झाडांना किंवा अंगण धुवायला घ्या, हौदात नको.

४. हौदातून मोटार चालते, आवाज येतो, पण पाणी वर चढत नाही.

मोटार नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करा. व्होल्टेज कमी आहे, कपॅसिटर गेला आहे किंवा आतला पंखा अडकला आहे. तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं. कपॅसिटर बंद मोटारीतही झटका देऊ शकतो, त्याला उघड्या हाताने शिवू नका.

फिरते पण ओढत नाही, तर सक्शनमध्ये (पाणी ओढणाऱ्या पाईपात) हवा आहे. मोटारीवरच्या बुचातून पाणी भरा आणि पुन्हा लावा. थोडा वेळ ओढून सोडत असेल तर हौदातला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाईपच्या तळाची झडप, बघा, त्याच्या झडपेत खडा किंवा शेवाळ अडकलेलं सापडतं. तोही ठीक असेल तर मोटार चालू ठेवून सक्शन पाईपच्या एकेका जोडावर मगाने पाणी ओता, मोटारीच्या वायरी आणि पेटी सांभाळून. ज्या जोडावर आवाज बदलतो तिथून हवा शिरते. तो जोड सोडवून टेफ्लॉन टेप लावून पुन्हा आवळा.

पाणी मोटारीपासून सहा-सात मीटरपेक्षा खोल असेल तर वरची मोटार ते ओढणारच नाही. कंपनी कुठलीही असो, हा हवेच्या दाबाचा हिशेब आहे. तिथे पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबलच लागते.

५. पाणी कमी दाबाने येतं. मोटार थेट नळाच्या लाईनीला जोडली तर? गल्लीत सगळेच जोडतात.

हा गुन्हा आहे आणि मोटार जप्त होऊ शकते, ते बाजूला ठेवू. मोटार लाईनीत दाब उणा करते आणि रस्त्याखालचा पाईप जिथे फुटका असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते आधी तुमच्याच हौदात येतं. पाणी आपल्या दाबाने जमिनीखालच्या हौदात पडू द्या आणि मोटार हौदाला लावा. हौदात पाणी सोडणारा पाईप रस्त्याच्या पातळीपेक्षा जितका खाली, तितकं कमी दाबातही पाणी येतं.

६. टाकी केवढी घ्यावी? आणि गच्चीवर कुठे ठेवावी?

पाणी पुरवठ्याचं सर्वसाधारण मानक माणशी रोज १३५ लिटर आहे. पाच माणसांचे दिवसाला ६७५ लिटर, चार दिवसांच्या खंडाचे २७०० झाले. काटकसरीने यापेक्षा कमीत भागतं, पण पाणी कधी एखादा दिवस पुढेही ढकललं जातं, म्हणून हौद तीन हजार लिटरचा धरा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर पाणी, झाले तीन हजार.

हा साठा गच्चीवर नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी बीमवर किंवा भिंतीच्या डोक्यावर ठेवा, स्लॅबच्या मधोमध कधीही नाही. पत्र्याच्या घरात तर टाकीला जमिनीपासून वेगळा सांगाडा करा.

७. हौद किती दिवसांनी आणि कसा धुवायचा? ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर. पाणी तळाशी गेलेलं असेल तो दिवस साधा. झाकण काही तास उघडं ठेवा, एकटं उतरू नका, वर एक माणूस थांबवा. आत माणूस असताना सबमर्सिबल चालू नको, तिचा प्लगच काढून ठेवा. अशा कामात जीव गेले आहेत. भिंती ताठ ब्रशने घासा, गाळ बादलीने काढा. साबण वापरू नका.

भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा, बादलीभर पाण्यात कालवा. खडा तळाशी बसू द्या, वरचं निवळ ओता आणि तासभर थांबा. डब्यात वर्षभर उघडी पडलेली पावडर निकामी असते.

डासांचंही इथेच बघा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्याकडे उष्म्यात आठ-दहा दिवसांत डास उडतो. हौदाचं झाकण घट्ट बसवा, हवेच्या पाईपवर जाळी बांधा, पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा.

८. बोअरच्या पाण्याने शॉवर आणि नळांवर पांढरे थर चढतात. ॲसिड लावू का?

ॲसिडने थर निघतो, पण नळाचा मुलामा आणि फरशीच्या जोडातलं सिमेंटही जातं. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवा, नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या दातब्रशने घासा. शॉवरचं तोंड काढून त्याच पाण्यात बुडवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीही वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता अपवाद. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांना ॲसिडच काय, लिंबू आणि चिंचसुद्धा लागते आणि जागा पांढुरकी पडते. सोलापुरात शहाबादी नाही असं जुनं घर शोधावं लागेल, तेव्हा हे लक्षात ठेवा. या फरशीला साधा साबण आणि ब्रश. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू चिरायला पाट घ्या.

९. भिंतीला तडा गेलाय. घाबरायचं कधी?

केसासारखे, जाळीसारखे पसरलेले तडे गिलाव्याचे असतात, त्यावर पुट्टी पुरते. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरचा सरळ उभा तडा दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या फुगण्या-आकसण्याने येतो. तो इंचभर रुंद खरवडून त्यावर कोंबडीजाळी ठोकून गिलावा करा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि आरपार गेलेला तडा पायाकडे बोट दाखवतो. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त उघडला असेल तर इंजिनिअरला दाखवा. त्याहून बारीक तड्यावर पाळत ठेवा: दोन्ही टोकांना पेन्सिलीची रेघ आणि तारीख, आणि मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे.

स्लॅबच्या खालून सळईच्या रेषेत तडे आणि तांबूस डाग असतील तर ते वेगळं दुखणं. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट ढकलून देते. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. त्यावर नुसता गिलावा म्हणजे जखमेवर पावडर. पोकळ भाग सोलून, सळई घासून, गंजरोधक लावून मग दुरुस्ती होते, आणि ती जाणत्याच्या देखरेखीखालीच.

१०. तोच तडा दर उन्हाळ्यात उघडतो आणि पावसात मिटतो. तीनदा भरला. काय करू?

पाया काळ्या मातीत आहे. जुळे सोलापूर असो की शहराच्या कडेच्या शेतजमिनींवर झालेल्या वसाहती, हा प्रश्न तिथून हमखास येतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. पाया खोल मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं.

कडक सिमेंट भरून उपयोग नाही, पुढच्या ऋतूत ते शेजारून फाटतं. लवचिक क्रॅक फिलर किंवा सिलंट वापरा आणि मुख्य म्हणजे पायाजवळची ओल वर्षभर एकसारखी राहील असं बघा. घराभोवती किमान तीन फूट रुंद फरशी किंवा कोबा करा, उतार बाहेरच्या बाजूला. गच्चीचं पाणी भिंतीलगत पडू देऊ नका. गळका सांडपाण्याचा पाईप आणि भिंतीलगतचं मोठं झाड, दोन्ही पायाचे शत्रू. एक पाणी घालतं, दुसरं ओढून घेतं.

११. भिंतीला खालून लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, रंग सोलून पडतो. ऑइलपेंट मारू का? की टाईल्स लावू?

दोन्ही नको. जमिनीतली ओल क्षार घेऊन चढते. ऑइलपेंटने वा टाईलने तोंड बंद केलं की ती आणखी वर जाऊन बाहेर पडते. आधी ओलीचं कारण शोधा: बाहेरची माती जोत्याच्या वर आली आहे का, मोरीचा पाईप गळतो का, हौद भिंतीला चिकटून आहे का. ते थांबवा. मग लोण्याच्या वर एक-दीड फुटापर्यंतचा गिलावा काढून टाका, भिंत सुक्या ब्रशने झाडा (धुऊ नका, क्षार परत आत जातात) आणि उन्हाळाभर उघडी राहू द्या. नंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. दिसायला साधा, पण भिंतीला श्वास घेऊ देतो.

१२. गच्ची गळते. नेमकी कुठून, ते कसं कळेल?

डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही, पाणी स्लॅबमधून आडवं फिरतं. आधी संशयित जागा बघा: पाणी उतरणाऱ्या पाईपचं तोंड, कठडा आणि गच्चीचा कोपरा, टाकीचे पाय, डिशचे खिळे. कोपऱ्यात गोलसर वाटा (सिमेंटची गोलाई) नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

काही सापडलं नाही तर पाईपची तोंडं बंद करून विटांची छोटी आळी करा आणि एकेका भागात दोन इंच पाणी चोवीस तास ठेवा. जुन्या किंवा आधीच तडे गेलेल्या स्लॅबवर, तसंच माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) हे करू नका. तडा सापडला की व्ही आकारात खरवडून पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूने भरा. सगळी गच्ची चुकीच्या उताराची असेल तर मात्र ठिगळांनी भागत नाही, नवा कोबा लागतो. शंभर इंचाला एक इंच उतार पुरे.

आणि मृगात गळली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. सोलापूरचा जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो.

१३. मे महिन्यात गिलावा केला, आठवड्यात सगळीकडे तडे. गवंडी म्हणतो माल चांगला होता.

माल चांगला असेलही, पाणी कमी पडलं असेल. चाळीसच्या पुढच्या उन्हात सिमेंट घट्ट होण्याआधीच त्यातलं पाणी उडून जातं. काम संध्याकाळी घ्या, भिंत आधी भिजवा, आणि सात दिवस ओल टिकू द्या. गोणपाट चालतं, पण जुनी सोलापुरी चादर त्याहून बरी. जाड सुती असल्यामुळे ती पाणी धरून ठेवते. दुपारी बादलीने दोनदा पाणी शिंपडणं म्हणजे ओल ठेवणं नव्हे. पाण्याची टंचाई असेल तर काम दिवाळीनंतर काढा.

१४. गच्चीला पांढरा रंग मारल्याने घर खरंच थंड राहतं का?

राहतं. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि स्लॅब रात्री कमी तापलेला असतो. वरच्या मजल्यावरच्यांना फरक जाणवतो. तयार रंग मिळतो, नाहीतर चुना. चुन्याचे खडे पाण्यात टाका (चुन्यावर पाणी ओतू नका, उसळतं), रात्रभर ठेवा, गाळा, थोडा फेव्हिकॉल घाला आणि दोन हात द्या. डोळ्यांवर चष्मा घाला, मुलं लांब ठेवा. पावसात हा धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये. गळती थांबवायला याचा उपयोग नाही, त्यासाठी प्रश्न १२ बघा.

१५. वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात. दगड ठेवलेत, ते पुरेत का?

दगड खाली माणसांवर येतात. पत्र्याला धरून ठेवतात जे-हूक आणि स्क्रू. भोक पन्हाळीत नाही, उंचवट्यावर पाडायचं, खाली डांबरी वायसर घालायचा. पत्र्याची कड आणि टोकं वारा आधी उचलतो, तिथे हूक दुप्पट. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, लाकडी फळी टाकून तिच्यावरून चला. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो कोरडा कापू नका. ओला करा, तोंडाला मास्क लावा.

१६. गावचं घर माळवदाचं आहे. दर वर्षी पांढरी माती टाकतो तरी गळतं. अजून थर द्यावा का?

नाही, आणि या उत्तरावर मी अडून आहे. दर वर्षीचा थर साचत साचत छतावर फूट-दीड फूट माती होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची ही जड छतं मिळून माणसं गाडली गेली. तशीच घरं आपल्या जिल्ह्यातही आहेत.

आधी जुने थर काढून वजन उतरवा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोचून बघा, वाळवी आणि ओल तिथेच लागते. मग पातळ थर, खाली जाड प्लास्टिकचा कागद, आणि पाणी झटकन उतरेल असा उतार. काळी माती वर घालू नका, ती भेगाळते. टाकी ठेवू नका, सिमेंटचा कोबा तर नकोच, वजन पुन्हा तेच. भिंत बाहेर पोटासारखी फुगली असेल तर छताचं काम थांबवा आणि आधी भिंतीचं बघा.

१७. एमसीबी सारखा पडतो. मोठा टाकला तर?

एमसीबी वायर वाचवायला असतो. मोठा टाकला की तो शांत बसेल आणि वायर तापेल. दिव्यांच्या १.५ चौ.मि.मी. वायरला दहा अँपिअरपर्यंत, २.५ च्या वायरला सोळा ते वीस. लावताक्षणी पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, दहा मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे. सगळे बंद करा, मग एकेक चढवत जा, ज्याच्यावर पडतो ती लाईन धरा. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की सप्लाय तोडणारं बटण) पडत असेल तर गळती आहे: गीझर, ओला बोर्ड, बाहेरचा प्लग. आरसीसीबी घरात नसेल तर बाकी सगळ्या खर्चाच्या आधी तो बसवा.

१८. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून वापरलं तर चालेल ना?

चालणार नाही, आजच बंद करा. पत्र्याचा कूलर, पाणी आणि ओली फरशी हे एकत्र आल्यावर झिणझिण्या ही शेवटची सूचना असते. तीन पिनांचा प्लगच हवा, दोन पिनांचा नको, आणि पाणी भरताना प्लग काढायचाच. मोटार व पंप इलेक्ट्रिशियनकडून तपासा.

बहुतेकांना हे माहीत नसतं: अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. आपल्या मुरमात आणि काळ्या दगडात तर लवकरच. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात एक-दोन बादल्या पाणी ओता. कपडे धुतलेलं चालतं.

१९. पंखा हळू फिरतो.

बहुधा कपॅसिटर, बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरॅडचा. एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करा, जुना काढा, तसाच नवा लावा. तरी हळूच असेल तर बेअरिंग.

२०. पूर्व भागात राहतो. खाली माग, वर घर. दिवसभर भिंती थरथरतात, तडे जातात. घराचं काय करावं?

मागाच्या पायांखाली जाड रबरी पॅड घालणं हा पहिला इलाज, आणि तो खालच्याशी गोडीत बोलूनच होईल. वर तडे कडक सिमेंटने भरू नका, प्रश्न १० मधला लवचिक फिलरच वापरा. थरथरीने पंख्याचे हूक, टाकीचे बोल्ट आणि बोर्डातले स्क्रू ढिले होतात. दर सहा महिन्यांनी सप्लाय बंद करून ते आवळा, ढिल्या स्क्रूखाली वायर जळते. बोर्डात आणि पंख्याच्या मोटारीत साचलेली कापसाची धूळही काढा, ठिणगी पडली तर ती पेटते.

२१. पावसाळ्यात दार अडकतं. सुताराला रंधा मारायला सांगू का?

आता नको, नाहीतर उन्हाळ्यात बोटभर फट दिसेल. घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले असतील तर दार खाली झुकतं आणि दोष लाकडाला जातो, ते आधी बघा. मार्चमध्येही अडकत असेल तरच रंधा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग द्या, बहुतेक दारांच्या ओल शिरणाऱ्या जागा त्याच.

२२. फ्लॅटमध्ये वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या छतावर ओल येते. ते म्हणतात सोसायटीचं काम आहे, सोसायटी म्हणते त्यांचं. कोणाचं?

गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंक यांतून आत होणारी गळती त्या सदस्याने. मग ओल कुठली आहे ते आधी ठरवा. वरच्यांना दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका अशी विनंती करा. छत सुकायला लागलं तर पाणी सांडपाण्याच्या जोडातलं किंवा फरशीच्या सांध्यातलं आहे, सांध्यांना नवं ग्राऊट आणि नहाणी ट्रॅपभोवती सिलंट बसवून बऱ्याचदा भागतं. वापर बंद असूनही ओल तशीच राहिली तर दाबाची लाईन गळते. तेव्हा टाकीकडून येणारा कॉक बंद करून बघा. आणि पाऊस पडल्यावरच ओल वाढत असेल तर बाथरूमचा संबंध नाही, बाहेरची भिंत तपासा. त्या वेळी बिल सोसायटीचं. तीनही वेळचे छताचे फोटो तारखेसह काढून लेखी अर्जाला जोडा, तोंडी सांगितलेली गळती पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणालाही आठवत नाही.